पेटी नंतर, पिशवी आधी

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. जुळे सोलापूरला घर. ४३ इंची फोरके टीव्ही. कोपऱ्यात पडून असलेला जुना डेस्कटॉप, त्यात चौथ्या पिढीचा इंटेल आय३ प्रोसेसर. दोन पिशव्या भरून व्हीसीडी आणि डीव्हीडी : लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं, गड्डा जत्रेच्या वेळची नंदीध्वजांची मिरवणूक. आईंना तेलुगू कार्यक्रम लागतात, वहिनींना मराठी मालिका, तुम्हाला जुने सिनेमे. मुलगा पुण्याहून म्हणतो, "बाबा, एक मीडिया पीसी करून टाका," म्हणजे टीव्हीला जोडून सिनेमे दाखवणारी कॉम्प्युटरची पेटी. आणि दुकानदाराने गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड घातलेलं कोटेशन हातात ठेवलंय. घ्यावं का?

नका घेऊ. निदान आत्ता नाही, आणि ते तर कधीच नाही.

बावीस वर्षं मी नव्या पेठेत कॉम्प्युटरचंच काम करतोय. मीडिया पीसीच्या नावाखाली लोकांनी घेतलेल्या पेट्या किती पाहिल्या, मोजदाद नाही. निम्म्या वर्षभरात टीव्हीखाली धूळ खात बसतात. कारण एकच असतं. ही पेटी कशासाठी पाहिजे, हे ठरवायच्या आधीच ती घेतलेली असते. ओटीटी बघायला घेतली असेल तर ती तुमच्या टीव्हीतल्या ॲपपेक्षा वाईट चालते. विश्वास बसत नाही ना? पण तसंच आहे. नेटफ्लिक्स, प्राइम ही मंडळी चित्राची प्रत यंत्र बघून ठरवतात. टीव्ही किंवा टीव्ही-स्टिकमध्ये चोरी रोखणारं कुलूप चिपमध्येच बसवलेलं असतं, म्हणून तिथे ते पूर्ण फोरके सोडतात. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये ते कुलूप बहुधा नुसतं सॉफ्टवेअरचं असतं, म्हणून हात आखडता. लिनक्सवर तर आणखी आखडता. म्हणजे पैसे फोरकेच्या प्लॅनचे भरायचे आणि बघायचं धूसर चित्र.

तेव्हा आईंचं 'आहा' हे तेलुगू ॲप, वहिनींचं झी५ आणि जिओहॉटस्टार टीव्हीतच राहू द्या. टीव्ही जुना होऊन अडखळायला लागला तर स्टिक लावा, ती कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कॉम्प्युटरचं काम वेगळं आहे. जगातल्या कुठल्याही ॲपवर जे मिळणार नाही, ते दाखवणं. ते तुमच्या त्या दोन पिशव्यांमध्ये आहे. म्हणून पेटीचं नंतर बघू, आधी पिशव्या सोडवू.

पिशव्या ठेवल्यात कुठे? माळ्यावर, वर पत्रा, असं असेल तर आजच खाली उतरवा. घरी रेकॉर्ड केलेली डिस्क छापील डिस्कसारखी नसते. तिच्यात रंगाचा एक थर असतो, लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता त्या रंगाच्या जिवावर उठतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत चढतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. चकचकीत दिसणारी डिस्क आतून गेलेली असू शकते.

आता तुमचा तो जुना डेस्कटॉप. तो भंगारात घालायचा म्हणताय, पण या कामात तोच हुकमाचा एक्का आहे. त्याला डीव्हीडी ड्राइव्ह आहे. आजकालच्या छोट्या पेट्यांना ती नसते. ड्राइव्हची काच मळलेली असेल तर साफ करून घ्या, आणि हाताशी दुसरी एखादी ड्राइव्हही ठेवा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरी ड्राइव्ह मुकाट्याने वाचते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. डिस्क पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की ओरखडा डेटाच्या वाटेनेच जातो आणि मग यंत्राला तो सावरता येत नाही.

व्हीसीडी उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डॅट फाइल. ती तशीच्या तशी कॉपी करायची, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. मध्येच "रीड एरर" येऊन कॉपी थांबली तर घाबरू नका. व्हीसीडीमध्ये जास्त मिनिटं बसवायला चूक दुरुस्त करणारी जादा माहिती कापलेली असते, त्यामुळे विंडोजची साधी कॉपी लगेच हार मानते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं चिवट साधन आहे. ते जे वाचता येतंय ते आधी उचलतं, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा ठोठावतं. पण ते खराब झालेल्या डीव्हीडीसाठी वापरा. व्हीसीडीची डॅट फाइल तशी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, धीम्या वेगाने वाचून बघा. चांगल्या डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही पुरे. ते डिस्कवरचे तुकडे जोडून एक फाइल करतं, चित्राला हात न लावता.

हे "हात न लावता" फार महत्त्वाचं. बरेच जण कॉपी करता करता फाइल बारीक करायला जातात. कशासाठी? एक डीव्हीडी म्हणजे ४.७ जीबी. तुमच्याकडे सत्तर डिस्क आहेत आणि सगळ्या डीव्हीडी आहेत असं धरलं तरी ३३० जीबीच्या आत बसतं. बाजारात एक टीबीपेक्षा लहान हार्ड डिस्क आता शोधावी लागते. जागा वाचवायला आजोबांचा चेहरा दाबून बारीक करायचा, हा हिशेबच चुकीचा.

आणि जुन्या चित्रात हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात ना, तो बिघाड नव्हे. त्या काळी कॅमेरा एका सेकंदात ५० अर्धी चित्रं घ्यायचा, आधी विषम ओळींचं, मग सम ओळींचं. जुन्या डबा टीव्हीवर ती एकमेकांत मिसळून जायची. आताचा टीव्ही दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून दात दिसतात. चांगला प्लेअर ते चालवतानाच सारखं करतो, त्याला डीइंटरलेस म्हणतात. पण तुम्ही फाइल बारीक करताना ते चुकीचं केलंत तर दात कायमचे चित्रात छापले जातात. मग माझ्यासारख्याकडेही औषध नाही.

एक अपेक्षा मात्र आत्ताच खाली आणतो. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तुमच्या टीव्हीचे ठिपके त्याच्या सुमारे ८२ पट. अंधुकच दिसणार. हल्ली एआयने चित्र धारदार करून देणारे भेटतात. मी एका गिऱ्हाइकाला करून दिलं होतं. त्यांच्या वारलेल्या मावशी स्वच्छ दिसायला लागल्या, फक्त त्या मावशी राहिल्या नव्हत्या. नाक-डोळे यंत्राने मनाने भरले होते. त्यांनी मूळ फाइलच परत मागितली. करायचंच असेल तर प्रतीवर करा, मूळ सोडू नका.

आता पेटी. सिनेमा चालवणं हे गेमसारखं घामाचं काम नाही. प्रोसेसरच्या आत व्हिडिओ उलगडायचा एक वेगळा छोटा भाग असतो. फाइल ज्या पद्धतीने बांधली आहे ती पद्धत त्या भागाला येत असेल तर सगळं निवांत चालतं. येत नसेल तर तो बोजा मुख्य प्रोसेसरवर पडतो. पंखा विमानासारखा ओरडतो आणि चित्र तरी अडखळतंच. म्हणून प्रश्न "किती ताकदीचा" हा नाही, "कितव्या पिढीचा" हा आहे. तुमचा २०१३ च्या सुमाराचा आय३ जुन्या एच.२६४ पद्धतीला पुरतो, पण फोरकेसाठी सर्रास वापरली जाणारी एचईव्हीसी त्याला येत नाही. सहाव्या पिढीला ती अर्धी येते. सातव्या पिढीपासून दहा बिटांची, म्हणजे जास्त रंगछटांची, एचईव्हीसी आणि यूट्यूबची व्हीपी९ नीट येते. यूट्यूब आता वापरतं ती एव्ही१ अकराव्या पिढीपासून. २०२३ साली आलेली एन१०० ही छोटी चिपही हे सगळं करते, आणि तिची ठरलेली भूक फक्त ६ वॅटची आहे. ग्राफिक्स कार्ड यात कुठेच बसत नाही.

तुमच्यासाठी माझ्या मते दोन रस्ते. एक, एन१०० ची नवी छोटी पेटी. दुसरा मला जास्त आवडतो : कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला पुस्तकाएवढा जुना मिनी पीसी, सातव्या पिढीचा. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली बसत नाही, त्यामुळे ही यंत्रं ऑफिसांना नकोशी झाली आहेत. तुम्हाला विंडोज लागणारच नाही, तेव्हा त्यांची अडचण ती तुमची सोय. घेताना मागचं तोंड बघा. यातल्या बऱ्याच पेट्यांना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. मग दुकानात मिळणारा स्वस्त कनेक्टर लावला की फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच येतं आणि माउसचा बाण सुद्धा उड्या मारतो. "ॲक्टिव्ह" कनेक्टर मागा, एचडीएमआय २.० चा, फोरके ६० हर्ट्झ लिहिलेला. रास्पबेरी पाय सुद्धा चालतो, त्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण केस, ॲडाप्टर, कार्ड असं एकेक जमवत गेलं की किंमत इथवरच येते.

विजेचा हिशेबही करून बघा. तुमचा जुना डेस्कटॉप सिनेमा चालवताना ६० वॅट खातो असं धरा. रोज पाच तासांचे महिन्याला ९ युनिट. छोटी पेटी १२ वॅटवर तेच काम दोन युनिटांच्या आत करते.

सोलापूरकरांसाठी आता जरा वेगळं. पुण्या-मुंबईचे लोक जे सल्ले देतात त्यात आपला उन्हाळा धरलेला नसतो. टीव्हीच्या खालच्या काचेच्या कपाटात पेटी, शेजारी सेट-टॉप बॉक्स, त्यावर हार्ड डिस्क, आणि दिसायला बरं म्हणून दार बंद. ही भट्टी आहे. पुष्कळ पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. मे महिन्यात दुपारी आपल्या हॉलमध्येच तेवढं असतं, कपाटाचं सोडाच. माझी स्वतःची दोन टीबीची डिस्क मी अशीच सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवून गमावली, आणि मी लोकांना अक्कल शिकवणारा माणूस! पेटी टीव्हीच्या मागे भिंतीला अडकवा, चारी बाजूंनी बोटभर हवा राहू द्या. डिस्क उघड्यावर, खाली, सावलीत.

दुसरी गोष्ट सुताची. पूर्व भागात घरातच माग असलेल्या, टॉवेलचे कारखाने शेजारी असलेल्या गिऱ्हाइकांच्या मशिन उघडल्या की पंख्यावर पांढरी गादीच बसलेली असते, दोन-तीन महिन्यांत. तिथे मी बिनपंख्याचीच पेटी देतो. तुमच्याकडे जुळे सोलापूरला तेवढा त्रास नसेल, पण आई जर अक्कलकोट रोडच्या घरी जाऊन-येऊन असतील आणि पेटी तिकडे न्यायचा विचार असेल तर हे लक्षात असू द्या. धुळीपासून वाचवायला पेटीवर चादर टाकू नका. हसू नका, सोलापुरात चादर हाताशी असते आणि लोक टाकतात.

तिसरी वीज. वळवाचा पाऊस आला की विजा आणि मग अंधार. इन्व्हर्टर असला तरी लाइन बदलताना क्षणभर झटका बसतो आणि पेटी बंद पडते. पेटी आणि राउटर दोन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे पेटी सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, "वीज परत आल्यावर चालू हो" अशी सेटिंग असते, ती लावून घ्या, नाहीतर दर वेळी टीव्हीमागे हात घालून बटण शोधावं लागेल. विजा चमकायला लागल्या की पॉवरबरोबर डिशची वायर आणि नेटची वायरही काढा. मी बघितलेल्या जळालेल्या पेट्यांपैकी बऱ्याच पॉवरच्या वायरीने नाही, नेटच्या वायरीने जळाल्या.

सॉफ्टवेअर सोपं आहे. लिब्रेएलेक नावाची लिनक्स पेनड्राइव्हवरून टाकायची. ती सुरू होते ती थेट कोडीमध्ये. ना डेस्कटॉप, ना अपडेटची पाटी, ना अँटीव्हायरसची कटकट. टाकताना पेटीतली डिस्क पूर्ण पुसली जाते, एवढं ध्यानात ठेवा. कोडी म्हणजे मूळचं एक्सबॉक्सवर चालणारं मीडिया सेंटर, २०१४ साली त्याचं नाव बदललं. फुकट आहे, कायदेशीर आहे आणि रिकामं येतं. "सगळे सिनेमे भरलेली" पेटी किंवा डिस्क कोणी देत असेल तर घेऊ नका. चोरीचा माल तर आहेच, शिवाय त्यातल्या ॲड-ऑनमधून काय घरात येतंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

कोडीत गेल्यावर दोनच गोष्टी मनापासून करा. पहिली, घरच्या व्हिडिओंचा फोल्डर जोडताना माहिती कुठून आणायची ते विचारेल, तिथे "कुठूनच नाही" निवडा. नाहीतर ते फाइलचं नाव इंटरनेटवर शोधतं आणि भाचीच्या बारशाला कुठल्यातरी हॉलिवूडच्या भुताच्या सिनेमाचं पोस्टर लावतं. फाइलींना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग प्रसंग, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. तारीख आठवत नसेल तर आईंना विचारा, त्या लग्नावरून आणि पावसावरून बरोबर वर्ष सांगतात. नंतर विचारू म्हणून ठेवलेलं राहून जातं.

दुसरी, "ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट" ही सेटिंग चालू करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आपल्याकडच्या जुन्या डिस्क २५ च्या, आणि टीव्ही ६० वर बसलेला असतो. २४ काही ६० मध्ये समान वाटले जात नाहीत. मग काही चित्रं दोनदा, काही तीनदा दाखवली जातात आणि कॅमेरा आडवा फिरला की हिसके बसतात. सेटिंग चालू केली की टीव्ही स्वतः सिनेमाच्या चालीने चालतो. एवढ्या एका गोष्टीने लोक म्हणतात, "काय बे, टीव्ही बदलला काय?"

टीव्हीकडूनही थोडं करून घ्यायचं. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर पिक्चर साइजमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" शोधा. ज्या एचडीएमआय तोंडाला पेटी लावली त्याची डीप कलर किंवा तत्सम नावाची सेटिंग चालू करा, पुष्कळ टीव्हींवर ती कंपनीकडून बंदच येते. आणि जुनी डिस्क ४:३ आकाराची आहे, तिला ताणून पडदाभर करू नका. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर राहू देत. ताणलं की लग्नातली नवरी जाड दिसते आणि त्यावरून घरात वेगळाच सिनेमा सुरू होतो.

जुन्या सिनेमांची सबटायटल भलतीच अक्षरं दाखवत असतील तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, तिथे नीट वाचता येत असेल तर यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. नुसते चौकोन दिसत असतील तर फॉन्टमध्ये ती लिपी नसते, कोडीत सबटायटलचा फॉन्ट बदला.

रिमोट. या मिनी पेट्या टीव्हीच्या रिमोटला सहसा दाद देत नाहीत, म्हणून यूएसबी रिसीव्हरचा छोटा एअर माउस, म्हणजे हवेत हलवून चालवायचा रिमोट, घ्या. तो कधी चालतो, कधी नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि सेल बदलून दमलेले असतात. दोष सेलचा नसतो. रिसीव्हर आणि हार्ड डिस्क शेजारी-शेजारी लावलेली असते. यूएसबी ३ च्या तोंडातून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे रिसीव्हर जिथे ऐकतो तिथेच असतो. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर टीव्हीच्या पुढच्या कडेला आणा, झालं.

मुलाला पुण्यात हे सगळं दिसावं असं वाटत असेल तर लिब्रेएलेकऐवजी साधी लिनक्स टाकून जेलीफिन बसवता येतं, ते घरचे व्हिडिओ दुसऱ्या यंत्रांवर दाखवणारं, २०१८ साली एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. पण राउटरचं दार जगाला उघडं करून ठेवू नका, टेलस्केलसारखी खासगी वाट वापरा. खरं सांगू? मी असतो तर ते करत बसलो नसतो. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढायची आणि मुलगा दिवाळीला आला की परत जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये त्याच्या बॅगेत टाकायची. एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. वीज, चोरी, पाणी, काहीही एका फटक्यात दोन्ही घेऊन जातं. पुण्यात गेलेली प्रत ही खरी दुसरी. ती वर्षातून एकदा जोडून उघडून बघायला मात्र त्याला सांगा, न वापरता कपाटात पडलेली डिस्क सुद्धा मरते.

तर कोटेशन परत करा. जुना डेस्कटॉप साफ करून घ्या आणि रोज संध्याकाळी चार-पाच डिस्क लावत चला, आधी सगळ्यात जुन्या आणि एकच प्रत असलेल्या. पिशव्या रिकाम्या झाल्या की पेटी घेऊ, तोवर तुम्हाला तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल की किती मोठी लागते.

एक राहिलं. पिशवीत तळहाताएवढ्या लहान डीव्हीडी असतील, हँडीकॅमच्या, आणि त्या कॉम्प्युटरवर कोऱ्या दिसत असतील तर फेकू नका. त्या शेवटी "फायनलाइज", म्हणजे इतर यंत्रांना वाचता येतील अशा बंद, करायच्या राहिलेल्या असतात आणि ते काम बहुधा त्याच कॅमेऱ्यात करावं लागतं. डिस्क माळ्यावरून उतरवाल तेव्हा कॅमेरा पण शोधा. बॅटरी मेली असेल, ती मरतेच. चार्जर सापडला की बास, त्यावर चालतो.